हो म्हणायला माणूस लागतो

एका रॉक बँडचे फोटोकार्ड आहे आणि त्यावर चार सह्या आहेत. कडा पिवळसर झाल्या आहेत, शाई थोडी उडाली आहे. विकणारा म्हणतो, सह्या अस्सल आहेत. या वाक्यात तो नेमके काय सांगत असतो? फोटो कोणाचा आहे ते आपल्याला दिसतेच, आणि छापणाऱ्या कंपनीचे नावही खाली असते. तो सांगतो ते एवढेच, की एका दिवशी एका ठिकाणी या चौघांचे हात याच कागदावरून फिरले. म्हणजे त्याचे बोलणे वस्तूबद्दल वाटले तरी असते एका घटनेबद्दल. ती घटना काही सेकंदांची होती आणि कधीच होऊन गेली. आपल्या हाती उरला कागद. या कागदावरून त्या घटनेपर्यंत पोचायचे कसे, हाच या छंदातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला असे दिसते: कागद ‘नाही’ म्हणू शकतो, ‘हो’ म्हणायला माणूस लागतो. हे उत्तर पहिल्या ऐकण्यात पटेलच असे नाही, म्हणून ते सावकाश उलगडून पाहू.

हा विचार मंठ्यात बसून करणे सोयीचे आहे. जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. रेल्वे धरायची तर परतूर किंवा जालना गाठावे लागते. इथल्या आठवडी बाजारात कोणी गिटारवाला येऊन सह्या देत नाही. मुंबईचा संग्राहक निदान म्हणू शकतो, की मी हॉटेलच्या दारात उभा होतो, मी पाहिले. मंठ्यातल्या मुलाने मोबाइलवर पैसे भरून कार्ड मागवले, तर ते कुरिअरच्या पाकिटातून येते. तो हात त्याने पाहिलेला नसतो, त्याच्या ओळखीत कोणी पाहिलेला नसतो, बहुधा विकणाऱ्यानेही नसतो. मोठ्या शहरात ही अडचण गर्दीत आणि दिमाखात झाकली जाते. इथे ती स्वच्छ दिसते.

आधी या कार्डाची जात समजून घेऊ. बँडची नवी रेकॉर्ड बाजारात आली, की कंपनी त्याचे फोटो जाड कागदावर छापून घेई. खाली बँडचे नाव, कंपनीचे चिन्ह, कधी नव्या गाण्याची जाहिरात. हे कार्ड रेडिओ केंद्रांना, रेकॉर्डच्या दुकानदारांना आणि पत्र लिहिणाऱ्या चाहत्यांना फुकट जाई. जर्मनीत ही पद्धत इतकी रुळली आहे, की नट, गायक, फुटबॉलपटू, सगळ्यांची अशी सही करायची कार्डे तयार असतात. बीटल्स या चौघांच्या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत पार्लोफोन कंपनीने छापलेली कार्डे आज संग्राहकांच्या शोधात वरच्या क्रमांकावर असतात. यातली गंमत लक्षात घ्यावी. कार्ड हजारांनी छापलेले आणि फुकट वाटलेले, म्हणून कागदाला स्वतःची किंमत जवळजवळ नाही. एखाद्या लेखकाचे हस्तलिखित सहीविना सापडले तरी ते हस्तलिखितच राहते. इथे सही काढून घेतली तर उरते जाहिरात. सारी किंमत त्या काही सेकंदांच्या स्पर्शाची आहे. म्हणूनच सही खरी की खोटी, हा प्रश्न या कार्डाबाबत इतका टोकाचा होतो.

आणि नेमका हा स्पर्शच पुरेसा मिळण्यासारखा नव्हता. १९६३-६४ मध्ये बीटल्सना येणारी पत्रे पोत्यांनी मोजावी लागत. चौघांनी दिवसभर गाणे सोडून सह्याच केल्या असत्या तरी मागणी पुरी झाली नसती. मग दौऱ्यावर त्यांच्यासोबत असणारे नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे दोघे चौघांच्याही सह्या करू लागले. कधी चौघांपैकी एकजणच बाकीच्या तिघांच्या सह्या ठोकून मोकळा होई. आता या सह्यांना काय म्हणायचे? त्या करणाऱ्याचा कोणाला लुबाडायचा हेतू नव्हता. कागद त्या काळचा, पेन त्या काळचे, खोलीही तीच, चौघे पलीकडे चहा पीत बसलेले. फक्त हात दुसरा.

हे बीटल्सनी सुरू केले असेही नाही. १९३० च्या दशकात हॉलिवुडची नटी जीन हार्लो हिच्या फोटोंवर बहुतेक सह्या तिची आई करी. पुढे यंत्र आले. ऑटोपेन नावाच्या या यंत्राच्या दांड्यात पेन अडकवायचे. सहीचा एक साचा असतो, त्यावरून दांडा फिरतो आणि तशीच सही कागदावर उमटते. पेन खरे, शाई खरी, माणूस गैरहजर. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या कार्यालयातून अशा यांत्रिक सह्या इतक्या गेल्या, की चार्ल्स हॅमिल्टन या हस्ताक्षरतज्ज्ञाने १९६५ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. शेवटची पायरी म्हणजे सही फोटोबरोबर छापूनच टाकणे. लोकांना स्पर्श हवा होता, आणि जितक्या जास्त लोकांना तो हवा झाला तितका तो देणे अशक्य झाले. खोट्या सह्यांची पैदास लबाडांच्या आधी प्रेमानेच सुरू केली, असे म्हणावे लागते.

आपल्या जुन्या गावकागदांत या बाबतीत एक सरळपणा होता. पाटलाला लिहिता येत नसले तर कागदावर त्याची निशाणी म्हणून नांगर काढला जाई, आणि मजकूर कोणाच्या हातचा आहे तेही खाली नोंदले जाई. दुसऱ्याच्या हाताने काम होणे यात कमीपणा नव्हता, कारण तो हात कोणाचा हे कागदच सांगत असे. बीटल्सच्या कार्डांवर एवढी एक ओळ असती, की ही सही मॅल इव्हान्सच्या हातची आहे, तर आज निम्मे वाद उरले नसते. अर्थात तसे कार्ड कोणी जपूनही ठेवले नसते.

आता कागदाकडे वळू. कागद ‘नाही’ कसे म्हणतो? हे काम तो फार चोख करतो. भिंगाखाली सही ठिपक्याठिपक्यांची दिसली तर ती छापलेली आहे. कार्ड उजेडात तिरपे धरले आणि फोटोची चकाकी सहीवरूनही अखंड गेली, तर शाई चकाकीच्या खाली आहे, म्हणजे छपाईतच आली. रेषा एकसारख्या दाबाची आणि सुरुवातीला-शेवटाला शाईचा ठिपका असेल तर ऑटोपेनचा संशय घ्यावा. रेषा मध्येच थरथरते, नको तिथे पेन उचलल्याच्या खुणा दिसतात, तर कोणीतरी सही करण्याऐवजी सहीचे चित्र काढले आहे. नोटा तपासायला वापरतात त्या अतिनील बॅटरीच्या उजेडात कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात युद्धोत्तर काळात रुळलेले पांढरे करणारे रसायन आहे. मग ते कार्ड १९३० च्या दशकातले म्हणून घेऊ नये. पेनलाही जन्मसाल असते. शार्पी हा मार्कर १९६४ मध्ये आला. त्याने केलेली सही १९६३ ची असू शकत नाही. फोटोतली माणसेही साक्ष देतात. रिंगो स्टार ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्समध्ये आला, तेव्हा त्याचा चेहरा असलेले कार्ड त्या वर्षीच्या उन्हाळ्याआधीचे सांगितले तर तिथेच हात जोडावेत.

ही तपासणी महाराष्ट्रातल्याच तीन प्रसंगांवर चालवून पाहता येईल. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवी. पुढे हाच फ्रेडी मर्क्युरी झाला. समजा, कोणी सांगितले की त्याच्या पाचगणीच्या दिवसांतली ‘फ्रेडी मर्क्युरी’ अशी सही माझ्याकडे आहे. मर्क्युरी हे आडनाव त्याने १९७० च्या सुमारास, क्वीन बँड लंडनमध्ये उभा राहत असताना घेतले. शाळा तर त्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सोडली होती. उत्तर ‘नाही’, आणि त्यासाठी भिंगही लागले नाही.

दुसरा प्रसंग. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाइटक्लबात ते वाजवूनही गेले. त्या मुक्कामात चौघांनी सही केलेले कार्ड म्हणून कोणी दाखवले, तर उत्तर पुन्हा ‘नाही’. त्या मुक्कामात बँडचे हे दोघेच होते. बाकीचे दोघे, बॉनहॅम आणि जोन्स, नव्हते.

तिसरा प्रसंग मार्च १९८० चा. द पोलिस हा बँड मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात वाजला. टाइम अँड टॅलेंट्स क्लबने तो कार्यक्रम ठरवला होता. स्टिंग, स्ट्युअर्ट कोपलंड, अँडी समर्स, तिघेही आले होते. त्या संध्याकाळचे म्हणून तीन सह्यांचे कार्ड पुढे आले तर काय म्हणाल? तारीख जुळते, माणसे जुळतात, पेन त्या काळचे, कागद त्या काळचा. कागदाला नकार देण्यासारखे काही सापडत नाही. आणि नेमके इथेच घाईने माणूस फसतो. नकार सापडला नाही, म्हणजे होकार मिळाला, असे त्याला वाटते. मिळाली आहे ती फक्त शक्यता. त्या संध्याकाळी शेकडो लोक रंगभवनात होते. त्यातल्या कोणीही घरी जाऊन तीन सह्या काढल्या असत्या, तरी तारीख, पेन आणि कागद इतकेच चोख जुळले असते.

यावर जाणकार म्हणेल, की सहीचे वळण तर पाहा; ज्या सह्या निश्चित खऱ्या आहेत त्यांच्याशी ताडून पाहा. हे ताडून पाहणे वाटते तितके सोपे नाही. पहिली अडचण हाताच्या स्वभावातच आहे. जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. ग्रंथ उतरवणाऱ्याने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण असे सांभाळावे, की सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, असा त्यांचा आग्रह. ग्रंथलेखनात हा सारखेपणा म्हणजे गुण. सहीत उलटे आहे. जिवंत हात दोन वेळा अगदी सारखी सही करत नाही. उभ्याने केली, बसून केली, बसच्या खिडकीतून केली, पहिली केली, तीनशेवी केली, प्रत्येक वेळी ती थोडी हलते. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत बसल्या, तर निदान एक तरी यंत्राची किंवा नकलेची आहे. म्हणजे फार जुळणे हे नकाराचे कारण, आणि थोडे न जुळणे हे खऱ्या हातातही असतेच. मग किती जुळले म्हणजे ‘हो’? इथे तज्ज्ञ मत देतो. मोजून दाखवता येईल असे काही त्याच्या हाती नसते.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. ताडायला घेतलेला नमुना खरा आहे हे कशावरून? १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचे जाहीर केले. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या आधीच तपासल्या होत्या आणि अक्षर जुळते असा निर्वाळा दिला होता. अक्षर खरोखर जुळतही होते, कारण ताडण्यासाठी दिलेल्या नमुन्यांतले काही कागदही त्याच कोनराड कुयाउ नावाच्या माणसाने बनवले होते. त्याचे अक्षर त्याच्याच अक्षराशी जुळले. खोटेपणा उघडा पडला तो पुढच्या महिन्यात, प्रयोगशाळेत: कागदात युद्धानंतर वापरात आलेले पांढरे करणारे रसायन निघाले. इतक्या गाजलेल्या प्रकरणात कागदाने जे निःसंशय केले ते ‘नाही’ म्हणण्याचे काम. ‘हो’ म्हणताना सगळे गडगडले. बीटल्सच्या सह्यांचे नमुने म्हणून वर्षानुवर्षे छापल्या गेलेल्या सह्यांत अ‍ॅस्पिनॉलच्या हातच्या किती असतील, हा विचार केला तर नमुन्याचा प्रश्न रॉकच्या कार्डांनाही तितकाच लागू होतो.

कायद्याने हे फार पूर्वीच ओळखले होते. हस्ताक्षर कोणाचे, हे ठरवण्यासाठी १८७२ च्या साक्ष कायद्यात तज्ज्ञाच्या मताला जागा होती. पण तेवढ्यावर तो कायदा थांबला नाही. ज्याला त्या माणसाची पत्रे येत होती, ज्याने त्याला लिहिताना पाहिले आहे, जो रोजच्या कामात त्याचे कागद हाताळत होता, अशा ओळखीच्या माणसाचे मतही ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही वाट कायम आहे. मृत्युपत्राला तर दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांनी सही होताना पाहिलेली असावी लागते किंवा सही करणाऱ्याच्या तोंडून ती आपली असल्याचे ऐकलेले असावे लागते. अक्षर कितीही ओळखीचे असले तरी कायद्याला शेवटी कोणीतरी बोलणारा हवा असतो.

मंठ्याच्या माणसाला ही गोष्ट सातबाऱ्यावरून लगेच समजेल. जमीन कोणाची, हे जमिनीकडे पाहून कळत नाही. काळी माती सगळ्यांची सारखीच. सातबाऱ्यावर नाव असते, आणि त्या नावामागे फेरफाराचा क्रमांक असतो. फेरफार काढला की दिसते, की आजोबांच्या मृत्यूनंतर वारसाने नाव लागले, मग वाटणी झाली, मग एक हिस्सा विकला, नोटीस निघाली, हरकतीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. जमीन घेणारा शहाणा माणूस चालू उतारा पाहून थांबत नाही. जुने फेरफार मागतो, आणि साखळीत एक कडी जरी तुटलेली दिसली तरी इसार देत नाही. सहीच्या कार्डाचे तेच आहे. आज ते कोणाकडे आहे हा चालू उतारा. त्याआधी कोणाकडे होते, त्याला कोणी दिले, आणि सगळ्यांत पहिल्या माणसाने ते कोणाच्या हातून, कुठे घेतले, हा फेरफार. शिवाय महसूल कायद्यात सातबाऱ्याची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. तिच्याविरुद्ध पुरावा आला तर ती पडते. साखळीबद्दलही इतकाच विश्वास ठेवावा.

मग साखळीच कोणी खोटी बनवली तर? बनवतातच. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांचा मोठा धंदा उघडकीस आणला. खेळाडूंच्या आणि इतर नामांकितांच्या सह्या करणारे, त्या विकणारे, आणि त्यांना ‘अस्सल’ असल्याची प्रमाणपत्रे देणारे, अशी सगळी फळी त्यात होती. या टोळीचा माल १० कोटी डॉलरपर्यंतचा असावा, असा तपास यंत्रणेचा अंदाज होता. जप्त झालेल्या वस्तूंत मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलचा चेंडूही निघाला. त्याच्यासारख्या वस्तूलाही प्रमाणपत्र मिळू शकत होते, यावरून प्रमाणपत्राची लायकी कळते. सोनेरी शिक्क्याचे ते प्रमाणपत्र म्हणजेही एक कागदच, आणि कागद ‘हो’ म्हणत नाही हे आपण पाहिलेच आहे.

याहून शिकवणारा दाखला बॉब डिलनचा. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ या पुस्तकाच्या ९०० प्रती, त्याने स्वतःच्या हाताने सही केलेल्या म्हणून, प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. प्रत थेट प्रकाशकाकडून आलेली. मध्ये दलाल नाही, लिलाव नाही. सोबत प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखाचे हमीपत्र. यापेक्षा आखूड आणि स्वच्छ साखळी असू शकत नाही. तरी सह्या ऑटोपेनच्या निघाल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले आणि अनेकांच्या सह्या तंतोतंत एकसारख्या दिसल्या. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलननेही जाहीर माफी मागितली आणि चक्कर येण्याच्या त्रासामुळे यंत्र वापरल्याचे सांगितले. कागदाने इथेही आपले ‘नाही’ नेमके उच्चारले. आणि हमीपत्र का पडले? कारण हमी देणाऱ्याने सही होताना पाहिले नव्हते. साखळी कितीही चोख असो, तिच्या पहिल्या टोकाला पाहणारा माणूस नसेल, तर ती हवेत लटकते.

तेव्हा माणूस लागतो म्हणजे कोणीही माणूस चालत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. तो तिथे होता का? त्याने ते तेव्हाच, विक्रीचा विचार मनात नसताना, कुठे लिहून ठेवले का? आणि त्याच्या सांगण्यातला एखादा तपशील दुसरीकडून ताडता येतो का? ‘एका ओळखीच्याने लंडनहून आणले’ यात तिन्ही नाहीत. ‘रंगभवन, मार्च १९८०, कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी, सोबत माझी बहीण होती, हे तिकीट आणि ही त्या आठवड्याची डायरी’ यात तिन्ही आहेत. दुसऱ्या माणसाने सहीबद्दल अक्षरही काढलेले नाही. त्याने संध्याकाळबद्दल सांगितले. पण सही त्या संध्याकाळीच जन्मली, म्हणून संध्याकाळ जितकी पक्की तितकी सही पक्की.

असा माणूस कसा असतो याचे एक उदाहरण लिव्हरपूलच्या फ्रीडा केली हिचे. बीटल्सच्या चाहता-मंडळाची ती चिटणीस. कोवळ्या वयात कामाला लागली आणि दहा वर्षांहून अधिक काळ ते काम तिने सांभाळले. एका मुलीने उशीचा अभ्रा पाठवला, की यावर रिंगोला झोपवा आणि मग त्याची सही घेऊन परत पाठवा. फ्रीडाने तो रिंगोच्या आईकडे पोचवला आणि तसे करवून घेतले. चाहत्यांना पाठवायच्या केसांच्या बटांत हाताखालच्या मुलींनी भलतेच केस घातल्याचे कळले, तेव्हा तिने त्यांना कामावरून काढून टाकले. तिची ही हकिगत २०१३ मध्ये ‘गुड ओल फ्रीडा’ या माहितीपटातून लोकांपुढे आली. तिच्या हातून गेलेल्या वस्तूला आज मान आहे, तो शाईच्या रसायनामुळे नाही. या बाईने खोटे चालू दिले नसते, एवढे माहीत असणे, हेच त्या वस्तूचे बळ.

आपल्याकडे हा मान मठांनी मिळवला. दासबोधाची, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली. तिच्यातल्या काही दुरुस्त्या समर्थांच्या हातच्या असल्याचे परंपरा सांगते. समर्थांनी स्वतः उतरवलेले वाल्मीकी रामायण धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेल्या हस्तलिखितांचा तो संग्रह. हे अक्षर समर्थांचेच, असे अभ्यासक म्हणू शकतात, ते एकट्या वळणावरून म्हणत नाहीत. पोथी कोणाच्या मठात होती, कोणत्या शिष्यशाखेकडून आली, पूजेत होती म्हणून विकली गेली नाही, या साऱ्याची त्यात भर असते. तीनशे-साडेतीनशे वर्षे कोणी ना कोणी ‘ही त्यांची’ असे म्हणत ती पुढे देत राहिले.

इथे कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला? कार्ड भिंतीवर लावायचे, गाणे ऐकायचे. सही खरी वाटते तोवर आनंद खराच. हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. गाण्याचा आनंद सहीवर अवलंबून नाही, आणि छापील सहीचे कार्डही देखणे असते. कोरियन बँडची छापील सहीची कार्डे जपणाऱ्या मुली जगभर आहेत. सही छापील आहे हे त्यांना ठाऊक असते आणि त्यात कोणाची फसवणूक नसते. पण ज्याने अस्सल म्हणून पैसे मोजले, त्याने आनंदासाठी मोजले नाहीत. फोटो तर त्याला फुकट मिळाला असता. त्याने त्या स्पर्शासाठी मोजले. स्पर्श झालाच नसेल, तर त्याचा आनंद एका न घडलेल्या घटनेबद्दलचा आहे, आणि कळल्या दिवशी तो मावळतो. डिलनचे पुस्तक घेणाऱ्यांच्या हातात सकाळी होते तेच पुस्तक संध्याकाळीही होते. एक अक्षर बदलले नव्हते, तरी त्यांना पैसे परत हवे होते.

यातून संग्राहकाचे काम बदलते. वस्तू जमवणे हे त्याचे अर्धे काम. उरलेले अर्धे साक्ष जमवण्याचे, आणि संधी आली तर स्वतः साक्षीदार होण्याचे. ही संधी मंठ्यातही येते. साहित्य संमेलनात कवी भेटतो, जत्रेत शाहीर येतो, सप्ताहात कीर्तनकार येतो, तालुक्याच्या स्पर्धेला एखादा नामांकित खेळाडू. सही घेतली की त्याच रात्री वेगळ्या कागदावर लिहावे: तारीख, गाव, कार्यक्रम, कोण सोबत होते, सही बसून झाली की उभ्याने, पेन कोणाचे. कार्यक्रमपत्रिका आणि पाकीट टाकू नये. सही होत असतानाचा एक फोटो मोबाइलवर काढावा. पेन, कागद आणि चेहरा एकाच चौकटीत आले तर उत्तम. कार्डाच्या पाठीवर काही लिहू नये, दाबाने पुढची बाजू उठते. आणि झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उष्णतेने शाई बिघडते, आणि एकदा प्लास्टिक चिकटले की भिंगाला तपासायला काही राहत नाही. म्हणजे कागदाचे ‘नाही’ म्हणायचे तोंडही आपणच बंद केले. मराठवाड्याच्या उन्हापासून, पावसाळी दमटपणापासून आणि कसरीपासून ते दूर ठेवावे. इतके करणाऱ्याची नातवंडे कधी ते कार्ड बाहेर काढतील, तेव्हा त्यांच्याकडे सहीसोबत आजोबांची साक्षही असेल.

आणि विकत घ्यायचे झाले तर आधी कागदाला विचारावे. तो ‘नाही’ म्हणाला तर विषय संपला. तो गप्प राहिला, तर विकणाऱ्याला एकच प्रश्न करावा: सही होताना कोणी पाहिली, आणि त्या माणसाकडून ती तुमच्यापर्यंत कशी आली? नाव, जागा, तारीख आली तर बोलणी पुढे न्यावीत. त्याऐवजी प्रमाणपत्र पुढे आले, तर ते कार्ड छापील फोटो आहे असे समजावे आणि फोटोच्या भावाने मागावे.